बायआत्याची धरित्री कशी झाली

कविता दुरुस्त करून घ्यायला मी दर रविवारी फुलपाड्याला जात असे, हे आज लिहितानाही मला माझी लाज वाटते. धडधाकट कविता पिशवीत घालून न्यायची आणि ती लंगडत घरी आणायची, असा तो क्रम होता. जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मीच गेले. विशीतल्या मुलीला आपण कवी आहोत असं वाटू लागलं की तिला ताबडतोब कुणाच्या तरी पायाशी बसावंसं वाटतं, आणि पाय पुढे करून बसलेली माणसं प्रत्येक गावात असतातच.

एसटीने विरार स्टेशन, पूल ओलांडून पूर्वेला, मग वीस मिनिटं पायी. आता तिथे इमारतीला इमारत चिकटलेली आहे. तेव्हा चार-चार मजल्यांची नवी घरं भाताच्या खाचरांच्या कडेला अवघडून उभी होती. त्यातल्या एकात दुसऱ्या मजल्यावर नेरूरकर सर राहत. कॉलेजात मराठी शिकवायचे. स्वतःच काढलेले दोन संग्रह त्यांच्या नावावर होते आणि न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे दिवाणाखाली. बसल्या जागी पाय जरा मागे घेतला की टाचेला कविता लागायची. त्यांच्याकडे दीक्षित नावाचे बँकेतले एक अधिकारी येत. दीक्षितांचं काम मात्रा मोजण्याचं. समोरचा वाचत असताना ते मांडीवर बोटं आपटत राहत, आणि कवितेत कुणी मेलं तरी त्यांचं बोट थांबत नसे. हे दोघे माझे विश्वासू वाचक. "कवीला स्वतःचे दोन डोळे पुरत नाहीत," सर म्हणायचे, "विश्वासाचे आणखी चार लागतात." हे वाक्य मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं होतं, खाली रेघ मारून. सरांच्या पत्नी, नेरूरकर वहिनी, कांदेपोहे आणून ठेवत आणि दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभ्या राहत. त्यांना कसं वाटलं हे त्या घरात कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

आमचं घर राजोडीच्या अलीकडे, वाडीत. घरात चौघंच: वडील, आई, मी आणि बायआत्या. बायआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील तिला बाय म्हणत, म्हणून मी बायआत्या. सकाळी जाग यायची ती विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या आवाजाने. आधी दोन-चार वेळा खोकायचं, मग एका तालात टुकटुकू लागायचं, आणि त्या तालावरच घर हलायचं. आई चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापायची, जवळा भाजल्याचा वास माजघरभर फिरायचा, आणि बायआत्या तोवर भेंडी तोडून, केळीला पाणी दाखवून, जुईच्या कळ्या ओच्यात भरून परत आलेली असायची. हिवाळ्यात ती सुकेळी करायची. राजेळी केळी पुरी पिकू द्यायची, सोलून मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. प्रत्येक केळं ती रोज उलटायची आणि उलटताना त्याच्याशी बोलायची. आठवडाभराने त्याचा रंग मधासारखा झाला की सुक्या पानात गुंडाळून केळीच्या खोडाच्या सोपटाने बांधायची. बांधणी अशी की सोडवायला जीव होऊ नये. घरात सगळ्यांत जास्त काम तिला होतं आणि जेवायला ती सगळ्यांत शेवटी बसायची, पडवीत, थाळी मांडीवर घेऊन. यात काही वेगळं आहे असं मला वीस वर्षं वाटलं नव्हतं.

मग एका दुपारी वालाच्या शेंगा सोलता सोलता आईने सहज सांगितलं. बायआत्याच्या नवऱ्याने दुसरी बायको केली आणि हिला आमच्या वाडीच्या तोंडाशी आणून सोडलं. आत आलासुद्धा नाही, सायकल वळवली आणि गेला. वडील तेव्हा भेंडीला पाणी लावत होते. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आलीस? मंग ते पानी वळव तिकडं." तिने लुगडं वर खोचलं, फावडं उचललं आणि पाणी वळवलं. "त्या दिसापासनं वळवतेच हाय," आई म्हणाली, आणि सोललेले वाल पाण्यात टाकून आत गेली.

मी तिथेच, शेंगांच्या सालपटांत बसून, कविता लिहिली. एका बैठकीत. आईने जशा बोलीत सांगितलं तशाच बोलीत.

*बाय आली, ट्रंक खाली ठेवली.*
*भाव म्हनला, आलीस?*
*मंग ते पानी वळव तिकडं,*
*भेंडी सुकली.*

अशा अकरा ओळी. शेवटची ओळ वडिलांविषयी होती. ती लिहून झाल्यावर मी कागद पालथा घातला, वडील मागे उभे असल्यासारखा. मी आयुष्यात लिहिलेली पहिली खरी ओळ ती होती, आणि इतकं मला तेव्हाही कळलं होतं. कळलं होतं, तरी रविवारी मी तो कागद फुलपाड्याला नेला.

त्या कवितेचे सात खर्डे प्लॅस्टिकच्या फायलीत आजही माझ्याजवळ आहेत. सरांची लाल शाई जराही फिकी पडलेली नाही. अशी शाई पडत नाही. पहिल्या रविवारी त्यांनी "पानी" या शब्दाभोवती वर्तुळ काढलं आणि बाजूला लिहिलं, अशुद्ध. "म्हनला"भोवती दुसरं वर्तुळ. मी मुकाट्याने सगळे ण नीट लावून दुसरा खर्डा केला. मग दीक्षित म्हणाले, "भेंडी काढा. भेंडी म्हटलं की श्रोता हसतो." भेंडी गेली, मोगरा आला. इंजिनाला काव्यमूल्य नसतं असं सरांचं मत पडलं. इंजिनाच्या जागी रहाट आला आणि पुढच्या रविवारी रहाट जुनाट वाटून त्याचा निर्झर झाला. वसईच्या वाडीत निर्झर! आमच्या सबंध वाडीपट्टीत उतार शोधून सापडणार नाही आणि माझ्या कवितेत निर्झर खळाळू लागला. तिसऱ्या खर्ड्यात शेवटची ओळ गेली. "यात वैयक्तिक कडवटपणा आहे," सर म्हणाले. "कवी वडिलांवर रागवत नाही. कवी नियतीवर रागवतो." मी मान डोलावली. डोलावली एवढंच नाही, "खरंच की सर," असंही म्हटलं. तो माझा आवाज मला आजही ऐकू येतो आणि त्या मुलीच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

चौथ्या खर्ड्यात भाऊ जाऊन समाज आला. पाचव्यात सरांनी विचारलं, "ही बाय म्हणजे कोण? वाचकाला हिच्याशी काय देणंघेणं?" बाय गेली, ती आली. सहाव्यात तीही त्यांना तोकडी वाटू लागली. ते डोळे मिटून बराच वेळ बसले. दीक्षितांचं बोट मांडीवर थांबलं. वहिनी रिकाम्या बश्या उचलायला आल्या होत्या, त्याही थबकल्या. मग सरांनी डोळे उघडले आणि घशातून खोल आवाज काढला, "धरित्री." दीक्षित म्हणाले, "वा." मीही म्हणाले, "वा." वहिनी बश्या घेऊन आत गेल्या. सातवा खर्डा असा सुरू होतो:

*हे धरित्री, तुझ्या आसवांची सरिता*
*युगायुगांची तृषा शमविते...*

मात्रा चोख होत्या. त्यात एकही माणूस उरला नव्हता.

आणि या सातव्या खर्ड्याचा मला अभिमान वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. विरारला एका शाळेच्या सभागृहात दुपारचं कविसंमेलन होतं. सरांनी यादीत माझं नाव घातलं. मी घरी आले आणि बायआत्याला म्हटलं, "मी तुझ्यावर कविता केलीय. ऐकायला चल."

ती केळी उलटत होती. हात थांबला. "माज्यावर? मी काय केलं?"

"काही केलं नाहीस. कविता केलीय."

"नाव घेतलंयस माजं?"

मी म्हटलं, हो. पहिल्या खर्ड्यात घेतलं होतंच. खोटं बोलायला माणसाला एवढीशी फट पुरते.

ती दोन दिवस तयारी करत होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं धुऊन वाळवलं. अंबाड्यात चाफा खोचला. "तुज्या मास्तरांना" म्हणून सुकेळ्यांचा एक पुडा बांधून घेतला. वडिलांनी विचारलं, "कुठं निघालीस?" तर म्हणाली, "माज्यावर गानं केलंय पोरीनं." आई, ती आणि मी एसटीने गेलो. सभागृहात ती पहिल्या रांगेत बसली. ती रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली आहे, असं तिला सांगायला आलेल्या स्वयंसेवकाला तिने शांतपणे सांगितलं, "माजी कविता हाय." तो परत गेला.

कवी एकामागून एक येत होते. संध्या, समुद्र, एकाकीपण, पुन्हा समुद्र. त्यातला एकही जण कधी होडीत बसला नसेल. बायआत्या प्रत्येकाला मन लावून ऐकत होती, टाळ्या पडल्या की टाळ्या वाजवत होती. माझं नाव आलं. मी उभी राहिले, घसा साफ केला आणि हे धरित्री म्हणून हाक मारली. सरांकडून शिकलेला खोल आवाजही काढला. बायआत्या माझ्याकडे एकटक पाहत होती, ओठ किंचित उघडे ठेवून, आता येईल, आता येईल अशी. कविता संपली. चांगल्या टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या, समुद्राच्या कवितेला वाजवल्या होत्या तेवढ्याच.

संमेलन आटोपल्यावर लोक चहाकडे वळले. ती खुर्चीतून उठेना. मी जवळ गेले.

"छान बोललीस," ती म्हणाली. "माज्यावरची कवा वाचतेस?"

आई दुसरीकडे पाहू लागली. मला एवढंच म्हणायचं होतं की तीच होती गं. त्याऐवजी मी म्हटलं, "वेळ संपली त्यांची. राहिली."

"ऱ्हाऊ दे," तिने उलट माझीच समजूत काढली. "लांबलांबचे लोक आलेत, त्यांना आधी देयाला पायजे." आणि मग ती पुडा घेऊन सरांकडे गेली. सरांनी तिथल्या तिथे सोपट सोडलं, एक सुकेळं तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "आहाहा! या गोडव्यावर कविता व्हायला हवी." दीक्षितांनी दोन घेतली. हे कुणी केलं, कसं केलं, असं दोघांपैकी एकानेही तिला विचारलं नाही. जिच्या आसवांनी युगायुगांची तृषा भागत होती ती त्यांच्यासमोर दोन हातांवर हिरव्या लुगड्यात उभी होती, आणि त्यांना केळं तेवढं दिसलं.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी बायआत्या मांडवाखाली पाय पसरून सुकेळी बांधत बसली होती, वडील बाजाराला गेले होते. मी पहिला खर्डा काढला आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, "राहिली होती ती वाचते." लाल वर्तुळांमधून वाट काढत वाचली. बाय आली, ट्रंक खाली ठेवली. पहिल्याच ओळीला तिने हात वर केला.

"ट्रंक नव्हती."

"काय?"

"ट्रंक त्यानं ठेवून घेतली. माज्याकडं पिशवी व्हती. आनि पिशवीत पन काय, एक लुगडं नि कंगवा."

मी ट्रंक खोडून पिशवी लिहिलं, पिशवीत लुगडं नि कंगवाही घातला. सात खर्डे झाले, चार विश्वासाच्या डोळ्यांनी सहा आठवडे ही कविता पाहिली, आणि ट्रंक होती का असं कुणालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. मी पुढे वाचलं. एका ओळीत ती फावडं हातात घेते आणि तिचे डोळे भरतात, असं मी लिहिलं होतं. पुन्हा हात वर.

"मी रडले नाय. उगा मना रडवू नको. रडायला येळ कुठं व्हता? पाट फुटला व्हता, पानी भलतीकडं चाललं व्हतं. तुज्या बापाला पानी लावायला कवा आलं? मीच शिकवलेलं त्याला, लगीन व्हयाच्या आधी."

हे मला ठाऊक नव्हतं. आईलाही नव्हतं. मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं, आणि कवितेतली ती बाई पहिल्यांदा सरळ उभी राहिली. मग शेवटची ओळ आली. तीही वाचली. बायआत्याने हातातलं सोपट गाठ न मारता खाली ठेवलं.

"ही काढ," ती म्हणाली.

"का? खोटी आहे?"

"खरी हाय. म्हनून तर काढ." तिने माझ्याकडे पाहिलं. "तो दोन्ही येळा माज्या हातची भाकर खातो. ही वाचली तर त्याच्या घशाखाली उतरायची नाय. मंग मी कुनाला करून घालू?"

"पण कविता त्या ओळीवर उभी आहे, बायआत्या."

"ती बसंल खाली. तुजा बाप उपाशी नको."

सरांनी हीच ओळ कापली तेव्हा मी मान डोलावली होती आणि घरी येताना एसटीत भेळ खाल्ली होती. तिच्या सांगण्यावरून कापताना मला पेन धरवेना. पण कापली. ओळ खोडलेली तिला डोळ्यांनी पाहायची होती. तिने पाहिलं आणि पुन्हा बांधायला घेतलं.

पुढच्या रविवारी, तिच्या दुरुस्त्यांसकट स्वच्छ उतरवून काढलेला आठवा खर्डा मी फुलपाड्याला नेला. कुत्रं ठरल्या वेळी ठरल्या दाराशी जातं तशी गेले. सरांनी कागद घेतला, चष्मा चढवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुर्गंधी आल्यासारखं काहीतरी पसरलं.

"हे काय? धरित्री कुठे आहे?"

"ही माझी आत्या आहे, सर. त्या दिवशी सुकेळी घेऊन आली होती ती."

"पानी," दीक्षितांनी वाकून वाचलं. "हस्तदोष झाला का?"

"नाही. आमच्याकडे तसंच म्हणतात."

सर हसले. "साहित्याला 'आमच्याकडे' नसतं, बाळ. ही कविता नाही, ही बातमी आहे. बाई आली, पाणी वळवलं. बरं मग?" त्यांनी खाली नजर फिरवली आणि शेवटाशी थांबले. "आणि इथे काहीतरी सुटलंय. इथे एक ओळ पाहिजे."

त्या सगळ्या रविवारांत त्यांनी माझ्या कवितेबद्दल सांगितलेली ही एकमेव खरी गोष्ट. क्षणभर मला त्यांच्याबद्दल आदरसुद्धा वाटला. तेवढ्यात त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. "थांब, मी देतो ओळ," म्हणाले, आणि टोक कागदावर टेकवलं.

मी तो कागद पेनाखालून ओढला. टोक टेकलेलंच होतं, त्यामुळे कवितेवरून आडवी, कागद फाटेपर्यंत लाल रेघ गेली. सर पेन तसंच हवेत धरून बसले. दीक्षितांची बोटं मांडीवर पसरली. मी चपला घालत असताना मागे सर म्हणाले, "अहंकार! दोन टाळ्या काय मिळाल्या..." जिना उतरताना पाठीमागे पावलं वाजली. नेरूरकर वहिनी होत्या, पदराला हात पुसत. म्हणाल्या, "पिशवीत एक लुगडं नि कंगवा, ते फार लागलं हो," आणि कुणी हाक मारायच्या आत वर गेल्या. कागद सरांच्या हातात असताना त्यांनी दारातून केव्हा वाचला कोण जाणे.

पुढे सरांनी माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि विरारच्या संमेलनांच्या यादीतून माझं नाव बरीच वर्षं गायब राहिलं. त्याने माझं काही बिघडलं नाही. समुद्रावरच्या पुष्कळ कविता ऐकायच्या वाचल्या. ती कविता एका छोट्या मासिकाने छापली, पानी तसंच ठेवून. अंक आला त्या दिवशी मी बायआत्याला तिचं नाव बोट ठेवून दाखवलं. तिने वडिलांना हाक मारून बोलावलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. वडिलांनी उभ्या उभ्या ऐकलं. पिशवी, कंगवा, पाट, फावडं, सगळं. संपल्यावर म्हणाले, "तो दिवस मंगळवार व्हता," आणि विहिरीकडे गेले. संध्याकाळी जेवले. दोन भाकरी जास्त खाल्ल्या असतील, कमी नाही.

वडील आधी गेले. त्यांचे दिवस झाल्यावर, माझा संग्रह निघणार होता तेव्हा, मी बायआत्याला विचारलं, "आता ती ओळ घालू? आता कुणाच्या घशाशी अडकणार नाही." तिला ऐकू कमी येत होतं, मला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा तिने चांगलंच ऐकलं.

"आता तर नकोच," म्हणाली. "आता तो उलटून बोलायला पन नाय."

तीही गेली त्याला आता पुष्कळ काळ झाला. गेल्या महिन्यात विद्यापीठातला एक तरुण माझे खर्डे पाहायला आला होता. गळ्यात मफलर, एप्रिलमध्ये. फाईल त्याने हातमोजे घालून उघडली. आठव्या खर्ड्यावरची लाल रेघ पाहून तिला त्याने हिंसेची खूण म्हटलं, ते एक वेळ ठीक होतं. मग शेवटाशी, जिथे ओळ नाही तिथे, त्याने बोट ठेवलं आणि मौनाच्या सौंदर्याबद्दल बोलू लागला. बराच वेळ बोलला. अशी माणसं संपत नाहीत. नेरूरकर सर गेले की मफलर येतो. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, इथे मुळात काही ओळ होती का? आठवते?" पहिले दोन खर्डे मी त्याला दिलेच नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "काही नव्हती."

त्याने ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारून.